मऊ बर्फाचा डोंगर आणि साडेनऊचा नियम



आज आम्ही बर्फाबद्दल बोलणार आहोत. फ्रीजमधल्या नाही आणि गोळेवाल्याकडच्याही नाही. उंच डोंगरावर थंडीभर साठतो आणि थंडी सरताना मऊ पडायला लागतो, त्या बर्फाबद्दल.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठला आलाय बर्फ? खरं आहे. पण तुमच्या गटातली एखादी तरी चारधामला जाऊन आलेली असेल, किंवा जायचं म्हणून पैसे बाजूला टाकत असेल. केदारनाथचं मंदिर साडेअकरा हजार फुटांहून उंच आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला यात्रा सुरू होते. तेव्हा आपल्याकडे उन्हाने जीव नकोसा झालेला असतो, आणि तिथे वाटेच्या कडेला वितळत्या बर्फाचे ढीग असतात. म्हणून हे बोलणं सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

आम्ही पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत राहतो. आमचा बचत गट आहे. घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, पोळीभाजीचे डबे देणाऱ्या अशा आम्ही बायका. समन्वयक म्हणून हे बोलायचं काम आमच्यातल्या एकीवर आलं, पण बोलणं सगळ्यांचं आहे. आम्ही नऊजणी मार्चच्या मध्याला उत्तराखंडात केदारकंठा नावाच्या डोंगरावर गेलो होतो. आधीच सांगून टाकतो, माथ्यावर आम्ही पोचलो नाही. तासाभराची वाट उरली असताना परत फिरलो. का फिरलो, ते समजायला आधी बर्फ समजून घ्यावा लागेल.

पैसे आणि पाय

दोन वर्षांपूर्वी गटाच्या बैठकीत एकीने विषय काढला. म्हणाली, आपण कर्ज घेतो ते दवाखान्यासाठी, फीसाठी, घराच्या पत्र्यासाठी. स्वतःसाठी कधी काही घेतलंय का? त्यावर खूप वाद झाला. शेवटी ठरलं की मूळ बचतीला हात लावायचा नाही, कर्जवाटपाच्या रकमेला तर नाहीच. जिला यायचं तिने दर महिन्याला पाचशे रुपये वेगळे भरायचे. त्याची वही वेगळी ठेवली. दोन वर्षांत एकेकीचे बारा हजार जमले. वरचे थोडे दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून आले. घरोघरी कुरबूर झालीच. कोणाच्या सासूबाई म्हणाल्या, बर्फ बघायला एवढे पैसे? कोणाचा मुलगा म्हणाला, आई, तुला जमणार आहे का?

जमवायचं कसं, ते मात्र पुण्यात राहून शिकता आलं. पुणं हे डोंगरवेड्या माणसांचं शहर आहे. इथल्या गिरिप्रेमी संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ साली एव्हरेस्ट सर केलं. त्याआधी २००९ मध्ये पुण्याची कृष्णा पाटील एकोणीस वर्षांची असताना एव्हरेस्टवर पोचली होती. शेजारच्या साताऱ्याची प्रियांका मोहिते २०२१ च्या एप्रिलमध्ये अन्नपूर्णा शिखरावर जाऊन आली. आणि केदारकंठा ज्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या नाकुरी गावच्या बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर उभ्या राहिल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२२ साली त्यांनीच पन्नाशी ओलांडलेल्या महिलांना सोबत घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालयातून मोठी मोहीम केली. हे कळल्यावर आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशी, वय बावन्न, म्हणाल्या, "मग माझं नाव लिहा."

आम्ही रोज पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढलो. दर रविवारी सिंहगड केला, पाठीवर भरलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. वरच्या गल्लीत पाण्याचे हंडे चढवायची सवय होतीच. दम टिकायला लागला. पण बर्फावर कसं चालायचं, ते सिंहगड कुठून शिकवणार?

बर्फ मऊ का पडतो?

आम्ही रेल्वेने दिल्ली, तिथून डेहराडून आणि मग दिवसभर गाडीने सांकरी गावात पोचलो. सांकरी साधारण साडेसहा हजार फुटांवर आहे. केदारकंठ्याचा माथा साडेबारा हजार फूट. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. खाली देवदार आणि पाइनचं जंगल, कुठे कुठे बुरांशची लाल फुलं, आणि वर पांढराशुभ्र बर्फ.

आमच्यासोबत गावातलाच एक वाटाड्या होता, आणि त्याचा एक मदतनीस. पहिल्या संध्याकाळी वाटाड्याने आम्हाला बर्फाची गोष्ट सांगितली. ती आम्ही आपल्या शब्दांत सांगतो.

आकाशातून पडतो तेव्हा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो. त्यात हवाच जास्त. असा ताजा बर्फ बादलीभर घेऊन चुलीवर ठेवला, तर साधारण दहावा हिस्सा पाणी निघतं. थंडीभर थरावर थर पडतात, दबतात. मग फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वर चढायला लागतं. दिवसा वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपतं, आणि बर्फाचे जाड दाणे तयार होतात, जाड्या रव्यासारखे. हा जुना ओला बर्फ बादलीभर घेतला, तर जवळजवळ अर्धी बादली पाणी निघतं. म्हणजे दिसायला तोच, पण वजनाला कितीतरी जड.

रात्री हेच पाणी पुन्हा गोठतं आणि वर कडक पापुद्रा धरतो. थिजलेल्या तुपाचा डबा डोळ्यांसमोर आणा. वरून घट्ट दिसतं. उन्हात ठेवला की आधी वरचं बोटभर मऊ होतं, मग पार तळापर्यंत. डोंगरावरचा बर्फही रोज असाच थिजतो आणि रोज वितळतो.

मात्र तो रोज रात्री सारखाच थिजत नाही. आकाश मोकळं असेल तर बर्फातली ऊब वर निघून जाते आणि पापुद्रा घट्ट होतो. ढग असतील तर ते गोधडीसारखे वरून पांघरले जातात, ऊब निघून जात नाही, बर्फ नीट गोठत नाही. हे आपल्याला शेतावरून माहीत आहे. थंडीत आभाळ आलं की गारठा कमी होतो, आणि आकाश निवळलं की पहाटे कडाका पडतो. निफाडकडच्या बागायतदार बायकांनी अशा कडाक्याच्या पहाटे गोठलेलं दव पाहिलेलं असतं.

म्हणून या दिवसांत बर्फाचं एक घड्याळ असतं. पहाटे तो दगडासारखा टणक. सूर्य वर आल्यावर थोडा वेळ वरचा थर जरासा मऊ होतो, तेव्हा पाय छान धरतो. ऊन चढलं की पाय आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत जातो. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो. दक्षिणेकडचा दिवसभर ऊन खातो. पश्चिमेकडचा दुपारनंतर. उत्तरेकडचा सगळ्यात उशिरा.

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती माउली कडा उतरून गेली. बर्फाच्या डोंगराचाही दरवाजा बंद होतो. फक्त तो संध्याकाळी नाही, दुपार व्हायच्या आधीच बंद होतो. त्याच्या आत जाऊन यायचं, म्हणून लोक रात्री दोन-तीनला उठून चालायला लागतात.

पाऊल कसं टाकायचं

पहिल्यांदा पाय मांडीपर्यंत आत गेला, तेव्हा आमच्यातली एक, जिचं माहेर वेल्ह्याचं आहे, ती ओरडली, "अगं, हे तर आवणीचं खाचर!" आणि खरंच, भातलावणीच्या चिखलात चालता येणारी बाई मऊ बर्फात लवकर शिकते.

चढताना बुटाचं टोक बर्फात दोनदा मारायचं, छोटी पायरी करायची, आणि मग हळू वजन टाकायचं. एकदम भार दिला की पायरी मोडते. पुढची जिथे पाऊल ठेवते तिथेच मागचीने ठेवायचं. पुढे चालणारीची दमछाक जास्त होते, म्हणून आळीपाळीने पुढे जायचं.

उतरताना उलटं. आधी टाच रोवायची. गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा आणि अंग मागे टाकायचं नाही. भीतीने आपण मागे झुकतो, आणि मागे झुकलं की पाय सटकतो.

पाय अडकला तर हिसका द्यायचा नाही. चिखलात हिसका दिला की चप्पल तुटते, बर्फात गुडघा मुरगळतो. काठी आडवी ठेवायची, तिच्यावर दोन्ही हात टेकायचे, दुसऱ्या पायाचा गुडघा बर्फावर टेकवून अंगाचा भार पसरायचा, आणि अडकलेला पाय हलवत हलवत सोडवायचा. ओला बर्फ पायाभोवती पटकन आवळतो. गरज पडली तर हाताने उकरायचं, त्यात लाज नाही.

काठीला खाली गोल चकती हवी, नाहीतर काठीही आत जाते. पहाटेच्या टणक बर्फासाठी बुटाखाली लोखंडी काटे बांधतात. ऊन चढल्यावर त्या काट्यांत ओला बर्फ चिकटून गोळा होतो आणि काट्यांचा उपयोगच राहत नाही. तेव्हा काठीने बूट ठोकून तो गोळा पाडायचा. बुटावरून पोटरीपर्यंत जे जाड कापड बांधतात, त्याला गेटर म्हणतात. ते असलं की बर्फ बुटात शिरत नाही. हे सगळं सांकरीत भाड्याने मिळतं, विकत घ्यायची गरज नाही.

वरून दिसत नाही ते

मऊ बर्फात दमणूक होते, पण खरी भीती लपलेल्या जागांची असते. अशा चार जागा वाटाड्याने दाखवल्या.

एक, मोठा दगड. काळा दगड उन्हाने तापतो आणि भोवतालचा बर्फ आतून वितळवतो. वरून सपाट दिसतं, खाली पोकळी असते. दगडाला खेटून चालायचं नाही.

दोन, झाडाचा बुंधा. तिथेही बर्फ कमी भरलेला असतो आणि सैल असतो. आधाराला झाड धरायला जाल आणि बुंध्याशेजारच्या खड्ड्यात जाल.

तीन, ओढा. थंडीत ओढ्यावर बर्फाचं छत बनतं. थंडी सरताना खालून पाणी ते छत खात जातं. कुठे बर्फ खचलेला, मळकट किंवा ओलसर दिसला, खालून पाण्याचा आवाज आला, तर थांबायचं. आधी वाटाड्याने काठीने टोचून बघायचं, मग एकेकीने, अंतर ठेवून जायचं. पहाटे ज्या छतावरून गेलो ते दुपारी आपल्याला झेलेलच असं नाही.

चार, तीव्र उतार. ओला जड बर्फ एकदम खाली सरकतो, त्याला हिमस्खलन म्हणतात. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, साध्या जिन्याएवढा किंवा त्याहून उभा उतार. वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले, बर्फाला लांब चीर दिसली, किंवा पायाखाली "धस्स" असा आवाज येऊन थर बसला, तर तो डोंगराचा निरोप समजायचा. त्या उताराखाली थांबायचं नाही, तिथे बसून फोटो तर काढायचेच नाहीत.

अंगाची काळजी

उंचावर हवा विरळ असते. साडेबारा हजार फुटांवर एका श्वासात समुद्रकाठच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं काही झालं तर लपवायचं नाही. थांबायचं, आणि वाढलं तर खाली उतरायचं. त्यावर खाली उतरण्यासारखं औषध नाही.

आता एक बायकांची गोष्ट. लघवीला जायची अडचण होते म्हणून आपण पाणीच पीत नाही. एसटीच्या प्रवासात करतो तेच डोंगरावर करतो. आमच्यातल्या तिघींनी पहिल्या दिवशी हेच केलं आणि संध्याकाळी डोकं धरून बसल्या. उंचावर श्वासातूनही अंगातलं पाणी जातं. मग आम्ही ठरवलं, दर थांब्याला दोघीदोघींनी एकत्र जायचं, एकीने शाल धरायची. त्यानंतर सगळ्या पोटभर पाणी प्यायल्या. पाळी आली तर पॅड कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून परत आणायचे, बर्फात पुरायचे नाहीत. बर्फ वितळला की ते ओढ्यात जातात, आणि ओढ्याचं पाणी खालचं गाव पितं.

सुती कपडा आपल्याला आवडतो, पण बर्फात तो शत्रू. ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकरीचे मोजे दोन जोड जास्त घ्या, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. मोजा ओला झाला की बदलायचा, आळस करायचा नाही.

आणि डोळे. ताजा बर्फ उन्हातले अदृश्य तीव्र किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. काळा चष्मा नसेल तर डोळे भाजतात. लगेच कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. ढगाळ दिवशीही चष्मा काढायचा नाही. नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही क्रीम लावायचं, कारण बर्फ खालून भाजतो.

तो दिवस

माथ्याच्या आदल्या संध्याकाळी वाटाड्याने सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "दीदी, उद्या किती वाजता परत फिरायचं?" आम्ही हसलो. माथा गाठला की फिरायचं, अजून काय? तो म्हणाला, नाही. माथा येवो न येवो, घड्याळ ठरवा. आत्ता ठरवा, सगळ्या मिळून. बोलून बोलून साडेनऊ ठरले. नऊजणींनी हात वर केले.

रात्री तीनला निघायचं होतं. निघालो पावणेपाचला. दोष कोणाचा नाही, आमचाच. एकीचे गेटर सापडेनात, दुसरीचे काटे उलटे बांधले गेले, आणि चहाशिवाय पाय उचलायचा नाही असा हट्ट अर्ध्याजणींचा. त्यात रात्रभर आभाळ होतं. वाटाड्याने काठी टोचली तेव्हा पापुद्रा पातळ निघाला. तो काही बोलला नाही, फक्त आभाळाकडे बघितलं.

पहिला दीड तास बरा गेला. ओढ्यावरचं बर्फाचं छत आम्ही एकेकीने पार केलं. मग उजाडलं, ढग फाटले, आणि समोर स्वर्गारोहिणीची शिखरं सोन्यासारखी झाली. कोणीच काही बोललं नाही. मावशींनी हात जोडले.

आठनंतर ऊन तापलं आणि पाय आत जायला लागले. दहा पावलं नीट, अकरावं गुडघ्यापर्यंत. नऊ वाजून गेले तेव्हा माथ्यावरची माणसं दिसत होती. तेवढ्यात मावशी एका दगडाच्या कडेने गेल्या आणि उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. दगडाची गोष्ट आदल्या दिवशीच ऐकलेली, तरी दमल्यावर आधाराला दगडच दिसतो. पाय आवळला गेला. उकरून काढायला पंधरा मिनिटं लागली. पाय शाबूत होता, पण बूट आतून ओला झाला होता आणि मावशींचे दात वाजत होते.

मोजे बदलले. घड्याळात नऊ पस्तीस. वाटाडा म्हणाला, "दीदी, तुम्ही ठरवलं होतं."

मग भांडण झालं. ते लपवून काय करायचं? एकजण रडायलाच लागली. म्हणाली, "दोन वर्षं पाचशे-पाचशे भरले, ते इथून परत जायला? तासाभराची तर वाट आहे." दुसरी म्हणाली, ज्यांना होतंय त्यांनी जावं, बाकीच्यांनी इथे थांबावं. पण वाटाड्या एक, मदतनीस एक. ओल्या बुटाने मावशींना तासन् तास बर्फात बसवायचं? आणि वर गेलेल्या उतरतील तेव्हा अकरा-साडेअकरा होतील, तेव्हा हाच उतार कसा असेल?

मावशी म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबू नका, मी बसते." आणि तिथेच आमची हिशेबनीस बोलली. ती एरवी फार बोलत नाही. म्हणाली, "गटात कर्जाची मर्यादा आपण का ठरवली? समोर बाई रडत उभी राहिली की सगळ्यांचं मन विरघळतं, म्हणून आधीच ठरवली. दर वेळी मन बघून पैसे दिले असते तर गट कधीच बुडाला असता. साडेनऊ पण तसंच आहे. काल डोकं थंड होतं तेव्हा ठरवलंय. आज मोडायचं नाही."

त्यावर कोणालाच काही बोलता आलं नाही. आम्ही नऊच्या नऊ परत फिरलो.

खाली ओढ्यापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजायचे होते. पहाटे ज्या छतावरून एकेक करून गेलो होतो, त्याच्या मधोमध माणूस मावेल एवढं भगदाड पडलं होतं. खाली काळं पाणी धावत होतं. वाटाड्याने आम्हाला बरंच वरून, वळसा घालून नेलं. त्या वळशाला एक तास लागला आणि पाय कंबरेपर्यंत जात होते. रडणारी मैत्रीण त्या भगदाडाकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग मावशींची पिशवी तिने स्वतःच्या पाठीवर घेतली.

परत आल्यावर

वस्तीत परतलो तर पहिला प्रश्न एकच. "मग माथ्यावर गेलाच नाही का?" सुरुवातीला उत्तर द्यायला जड जायचं. आता मावशीच उत्तर देतात. म्हणतात, "नाही गेलो. तासाभरावरून आलो. पुढच्या खेपेला चहा खाली उतरून पिणार." नवी वही सुरू झाली आहे. पाचशेच रुपये.

तुमच्यापैकी कोणी चारधामला निघालं असेल, सिमल्या-मनालीला लेकीसोबत जाणार असेल, किंवा आमच्यासारखं खूळ डोक्यात घेतलं असेल, तर गटाच्या बैठकीत एवढं बोलून घ्या. रात्री आकाश कसं होतं, ते निघण्याआधी बघायचं. पिशवी आणि बूट आदल्या रात्रीच तयार ठेवायचे. स्थानिक माणसाशिवाय बर्फात पाऊल टाकायचं नाही, आणि त्याने थांब म्हटलं की थांबायचं. दगड, बुंधा, ओढा आणि उभा उतार यांपासून लांब राहायचं. पाणी प्यायचं, चष्मा लावायचा, मोजे कोरडे ठेवायचे. आणि परत फिरायची वेळ खाली, गोल बसून, सगळ्यांच्या हातांनी ठरवायची. वर पोचल्यावर ती ठरत नाही, कारण तिथे माथा समोर दिसत असतो.

तुमच्या गटात कोणी बर्फातून चालून आलं असेल तर तिचा अनुभव आम्हाला जरूर कळवा. पुढच्या बोलण्यात तो सगळ्यांना ऐकवू.